आयआयटीचा प्रवेश आणि आपली जबाबदारी

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासिका समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचे लेखी रूप)



वर्धापनदिनाला आपल्याकडे धम्मावर किंवा बाबासाहेबांच्या जीवनकार्यावर व्याख्यान होते. या वेळी कार्यकारिणीने आम्हाला सांगितले की मुलांच्या उच्च शिक्षणावर बोला, पण नुसते 'शिका' म्हणून थांबू नका. फॉर्म कुठे भरायचा, कागद कोणते लागतात, पैसे किती लागतात, हेही सांगा. म्हणून आज आम्ही एकच विषय घेतला आहे : आयआयटीचा प्रवेश. देशात अभियांत्रिकीचे सर्वांत अवघड दार हेच. या दारातून जाण्याची रीत समजली, की बाकीची दारे त्या मानाने सोपी वाटतात.

आपल्या अभ्यासिकेत बसणारी मुले हुशार आहेत, याविषयी आम्हाला शंका नाही. परंतु हुशारी आणि प्रवेश यांच्यामध्ये एक लांबलचक व्हरांडा आहे. त्या व्हरांड्यात फॉर्म, दाखले, तारखा, फी, पसंतीची यादी अशी टेबले मांडलेली आहेत. ज्यांच्या घरातले कोणी आधी तिथून गेलेले आहे, त्यांची मुले बोट धरून पलीकडे जातात. आपल्या घरातले मूल एकटे जाते आणि कुठल्या तरी टेबलापाशी अडकते. मग आपण म्हणतो, पोरगं कमी पडलं. पोरगं कमी पडलेलं नसतं हो, त्याला सांगणारं कोणी नसतं.

बाबासाहेबांच्या विद्वत्तेविषयी आपण नेहमी बोलतो. त्यांनी प्रवेशाची बाजू किती काळजीपूर्वक सांभाळली, हे मात्र फारसे बोलले जात नाही. १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली एम. ए. झाले. १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. त्यांच्यासाठी कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापकांना शिफारसपत्र लिहिले होते. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. पण निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. मग मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली ते डी. एस्सी. झाले. यात विद्वत्ता तर आहेच. पण शिफारसपत्र आहे, परवानगी आहे, कर्ज आहे आणि मुदतीचा हिशोब आहे. मुदत संपायच्या आत परत गेले म्हणून पदवी पुरी झाली. आपल्या मुलांना बाबासाहेबांचा हा भागही सांगितला पाहिजे.

आता आयआयटीकडे येऊ. देशात आज २३ आयआयटी आहेत. पवईची आपली मुंबई आयआयटी १९५८ सालची. या सर्व संस्थांत बी. टेक. वगैरे अभ्यासक्रमांना एकाच परीक्षेतून प्रवेश मिळतो आणि त्या परीक्षेच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली जेईई मेन. ती जानेवारी आणि एप्रिल अशी वर्षातून दोनदा होते. दोन्ही वेळा बसता येते आणि दोन्हींपैकी चांगला निकाल धरला जातो. दुसरी पायरी जेईई ॲडव्हान्स्ड. मेनमध्ये वर आलेल्या अडीच लाख मुलांनाच तिथे बसता येते. या अडीच लाखांत अनुसूचित जातींसाठी १५ टक्के, म्हणजे ३७,५०० स्थाने असतात. ॲडव्हान्स्डला लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच बसता येते, हे नीट ध्यानात ठेवा.

प्रमाण समजावे म्हणून २०२४ सालचे आकडे सांगतो. त्या वर्षी मेनला १४ लाखांहून अधिक मुले बसली. ॲडव्हान्स्डला सुमारे १ लाख ८० हजार बसली. त्यातली ४८,२४८ पात्र ठरली आणि सगळ्या आयआयटी मिळून जागा होत्या १७,७४०. म्हणजे पात्र ठरल्यावरसुद्धा जागा मिळेलच असे नाही. आकडे घाबरवायला सांगत नाही. चौदा लाखांच्या रांगेत उभे राहायचे तर तयारी बारावीच्या दिवाळीत सुरू करून चालत नाही, एवढेच सांगायचे आहे. आठवी-नववीचे गणित आणि विज्ञान पक्के करणे, हीच खरी सुरुवात.

आता पहिले टेबल : जातीचा दाखला. इथे थोडा इतिहास सांगावा लागेल, कारण हा आपलाच इतिहास आहे.

अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपतींच्या १० ऑगस्ट १९५० च्या आदेशाने ठरली. त्या आदेशात आधी फक्त हिंदू धर्म मानणारे होते, १९५६ साली शीख धर्मीयांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि आपण बौद्ध झालो. पण केंद्राच्या यादीत बौद्धांना जागा नव्हती. ज्यांनी अभिमानाने 'बौद्ध' लिहिले, त्यांची केंद्राची सवलत गेली. आयआयटीत अनुसूचित जातींसाठी राखीव जागा १९७३ पासून सुरू झाल्या, तरी आपल्या मुलांना त्या मिळत नव्हत्या. १९९० साली कायदा दुरुस्त झाला आणि बौद्धांचा समावेश झाला. धम्मदीक्षेपासून मोजले तर ३४ वर्षे झाली. एवढ्या काळात एक अख्खी पिढी त्या दाराबाहेर राहिली. आजच्या दाखल्यामागे हे सगळे आहे, म्हणून त्या कागदाकडे हेळसांडीने पाहू नका.

काम काय करायचे ते सांगतो. राज्याच्या नमुन्यातला दाखला वेगळा आणि केंद्राच्या नमुन्यातला वेगळा. आयआयटीसाठी केंद्राच्या नमुन्यातला लागतो. मूळ जात १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित आहे आणि कुटुंब बौद्ध धर्मीय आहे, हे त्यावर स्पष्ट असले पाहिजे. नुसते 'नवबौद्ध' लिहिलेला जुना दाखला घेऊन गेलात, तर ऐनवेळी आक्षेप येऊ शकतो. अभ्यासिकेतल्या एका मुलीच्या बाबतीत असेच होता होता राहिले. घरातल्यांना वाटत होते की दाखला आहे, काम झाले. तपासून पाहिल्यावर कळले की तो राज्यापुरताच आहे. नशिबाने हे अकरावीतच लक्षात आले, म्हणून धावपळ झाली नाही.

दाखला काढताना १९५० पूर्वीपासून कुटुंब महाराष्ट्रातले असल्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. तो कुठून आणायचा? आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला हा सर्वांत चांगला. पुष्कळ घरांत तो आजीच्या पत्र्याच्या पेटीत सापडतो, म्हणून आधी पेटी उघडा. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीचा, म्हणजे कोतवाल बुकाचा उतारा तहसील कचेरीतून मिळवता येतो. आपल्या वस्तीतली बहुतेक घरे गाव सोडून पोटापाण्यासाठी इथे आलेली. त्यामुळे गावची एक फेरी करावीच लागते. ती फेरी मूल नववी-दहावीत असताना, दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत करा. अर्ज सेतू केंद्रातून किंवा 'आपले सरकार' संकेतस्थळावरून करता येतो. आणि एक सोयीची गोष्ट अशी की अनुसूचित जातीचा दाखला दरवर्षी नवा काढावा लागत नाही. एकदा नीट निघाला की झाले. राज्याच्या सीईटीतून प्रवेश घ्यायचा असेल, तर मात्र जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून अकरावीतच अर्ज टाका.

दाखल्याबरोबर नाव तपासा. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव आहे, तेच आधारवर आणि जातीच्या दाखल्यावर असले पाहिजे. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर वडिलांच्या नावाचे स्पेलिंग वेगळे, असे आपल्याकडे सर्रास असते. अशा बारीक फरकाने पुढे दहा हेलपाटे पडतात.

दुसरे टेबल फॉर्मचे. फॉर्म ऑनलाइन असतो. आपल्याकडे मूल जवळच्या सायबर कॅफेत जाते, कॅफेवाला घाईत भरतो, मोबाईल नंबर आणि ई-मेल स्वतःचाच टाकतो. पुढचे सगळे निरोप मग त्याच्याकडे जातात. असे करू नका. नंबर घरातल्या माणसाचा, ई-मेल मुलाचा स्वतःचा, आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवलेला असावा. प्रवर्गाच्या रकान्यात 'एस. सी.' हेच भरावे. काही पालक म्हणतात, आमचा मुलगा हुशार आहे, खुल्यातूनच भरू, उगीच कोणी बोलायला नको. त्यांना आमचे सांगणे असे, की एस. सी. भरल्याने खुली जागा जात नाही. मुलाचे नाव सर्वसाधारण यादीत असेल, तर प्रत्येक पसंतीला त्याचा विचार आधी खुल्या जागेसाठी होतो आणि ती मिळाली नाही तरच राखीव जागेसाठी. म्हणजे रकाना भरून काही हरवत नाही, न भरल्याने मात्र हरवते. परीक्षेची फीसुद्धा एस. सी. मुलांना आणि सर्व मुलींना सवलतीची असते.

बारावीच्या गुणांची अटही आहे. आयआयटीत प्रवेशासाठी एस. सी. मुलांना बारावीत ६५ टक्के, किंवा आपल्या बोर्डात आपल्या प्रवर्गातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान असावे लागते. म्हणून जेईईच्या नादात बारावीकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

तिसरी गोष्ट भाषेची. आपली पुष्कळ मुले महापालिकेच्या किंवा मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेली. त्यांच्यासाठी आनंदाची बातमी ही, की २०२१ पासून जेईई मेन मराठीतही देता येते. पण ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते, आणि आयआयटीत गेल्यावर शिकवणे इंग्रजीत. म्हणून मराठीतून शिकणाऱ्या मुलाने आठवीपासूनच दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहायची सवय लावावी. वेग म्हणजे व्हेलॉसिटी, त्वरण म्हणजे ॲक्सलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम. कल्पना मराठीत पक्की झालेली असेल तर इंग्रजी शब्द बसायला वेळ लागत नाही. मराठी माध्यम म्हणजे कमीपणा, हा विचार मनातून काढून टाका.

क्लासचे काय, असे आया नेहमी विचारतात. मोठमोठ्या क्लासची फी लाखांत असते. दागिने मोडून, कर्ज काढून फी भरणारी घरे आम्ही पाहिली आहेत. क्लास वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण जाहिरातीतले फोटो पाहून पैसे भरू नका. सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंग क्लासनी प्रवेश देऊ नये, असे केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये सांगितले आहे. म्हणजे सातवी-आठवीच्या मुलाला कोणी 'फाउंडेशन' म्हणून गळ घालत असेल, तर त्याला हे दाखवा. आयआयटी कानपूर आणि शिक्षण मंत्रालयाची 'साथी' नावाची मोफत सेवा मोबाईलवर उपलब्ध आहे. ॲडव्हान्स्डच्या मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतात. एनसीईआरटीची पुस्तके स्वस्त आहेत. अभ्यासिकेत चार मुलांनी मिळून रोज संध्याकाळी एक जुना पेपर सोडवला आणि चुकलेले गणित एकमेकांना समजावून सांगितले, तर त्याची किंमत एखाद्या क्लासपेक्षा कमी नाही.

चौथे टेबल सर्वांत फसवे. ते म्हणजे जागावाटप. निकाल लागला की आपल्याकडे पेढे वाटतात, बॅनर लागतो आणि घरातले सगळे निवांत होतात. खरे काम तर तिथून पुढे सुरू होते. २०१५ पासून आयआयटी, एनआयटी आणि इतर केंद्रीय तंत्रसंस्थांचे जागावाटप एकत्र होते. त्याला 'जोसा' म्हणतात. मुलाने संस्था आणि शाखा यांची पसंतीक्रमाने यादी भरायची असते. यादी कितीही लांब असली तरी चालते. नियम एकच : जे खरोखर सर्वांत जास्त हवे ते सर्वांत वर. 'हे काय मिळणार नाही' म्हणून हवी ती शाखा खाली टाकू नका किंवा वगळू नका, कारण वर लिहून न मिळाल्याने खालच्या पसंतीचे काहीही बिघडत नाही. मागील वर्षांत कोणत्या जागेला शेवटचा रँक किती होता, हे जोसाच्या संकेतस्थळावर असते. ते पाहून अंदाज घ्यावा आणि यादी पन्नास-साठ नावांची तरी करावी.

मग फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत जागा मिळाली की तीन पर्याय असतात. फ्रीझ म्हणजे हीच जागा हवी, आता बदल नको. फ्लोट म्हणजे ही ठेवतो, पण यादीत वरचे काही मिळाले तर ते द्या. स्लाइड म्हणजे संस्था हीच, पण त्याच संस्थेत वरची शाखा मिळाली तर द्या. यातले काहीही निवडले तरी जागा स्वीकारण्याची रक्कम भरावी लागते, कागद अपलोड करावे लागतात आणि कागदांविषयी शंका आली तर मुदतीत उत्तर द्यावे लागते. मुदत चुकली की जागा जाते. केवळ ती जागा नाही, मूल त्या वर्षीच्या प्रक्रियेतून बाहेर पडते.

हे आम्ही उगीच सांगत नाही. २०२४ सालची गोष्ट आहे. उत्तर प्रदेशातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाने, आपल्यासारख्याच दलित घरातल्या मुलाने, ॲडव्हान्स्ड पास केली. त्याला धनबादच्या आयआयटीत इलेक्ट्रिकल शाखा मिळाली. जागा राखण्यासाठी भरायचे होते १७,५०० रुपये, २४ जूनच्या संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. घरात एवढे पैसे नव्हते. इकडून तिकडून गोळा होईपर्यंत घड्याळ पुढे गेले आणि रक्कम भरता आली नाही. जागा गेली. त्याने दारोदार दाद मागितली आणि शेवटी ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या १४२ व्या कलमाखालचा विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. त्याआधी २०२१ सालीही अनुसूचित जातीच्या एका विद्यार्थ्याची मुंबई आयआयटीतली जागा ऑनलाइन पैसे भरताना आलेल्या अडचणीमुळे गेली होती. त्यालाही नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानेच जागा मिळाली.

बाबासाहेबांनी लिहिलेल्या घटनेने या मुलांना न्याय दिला, याचा आपल्याला अभिमान आहे. पण बंधू-भगिनींनो, विचार करा. ज्या मुलाने चौदा लाखांच्या रांगेतून वाट काढली, त्याला साडेसतरा हजारांसाठी दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तीन महिने त्या घराने कसे काढले असतील? आणि न्यायालयापर्यंत न पोचलेली मुले किती असतील? आपल्या वस्तीतले मूल त्या जागी असते, तर त्या दुपारी ते कोणाकडे गेले असते?

म्हणून आम्ही या विहारापुढे एक मागणी ठेवतो. दरवर्षी जयंतीच्या मिरवणुकीसाठी, मंडपासाठी, डीजेसाठी आपण वर्गणी काढतो. जयंती झालीच पाहिजे, तो आपला सण आहे. पण त्या वर्गणीतला एक हिस्सा बाजूला ठेवून प्रवेश निधी उभा करा. जून-जुलै महिन्यात तो निधी हातात तयार असला पाहिजे. वस्तीतल्या कोणत्याही मुलाला, तो कोणत्याही मंडळाचा, कोणत्याही गटाचा असो, जागा राखण्यासाठी त्याच दिवशी पैसे मिळाले पाहिजेत. बिनव्याजी उसने म्हणून द्या. शिष्यवृत्ती आली की घरातले परत करतील. नवल भथेनांनी कर्ज दिले नसते, तर लंडनचा अभ्यास अडला असता, हे आपण विसरू नये.

निधीबरोबर दोन माणसे हवीत. वस्तीतल्या ज्या मुला-मुलींनी पदवी घेतली आहे, बँकेत, सरकारी कचेरीत, कंपनीत नोकरी करतात, त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर एक तास विहारात बसावे. फॉर्म तपासावा, दाखला वाचून पाहावा, तारखा फळ्यावर लिहाव्यात. विहारातल्या फळ्यावर पौर्णिमेची तारीख लिहितो, तशीच फॉर्मची शेवटची तारीखही लिहावी.

खर्चाची भीती पुष्कळांना वाटते, म्हणून थोडे सांगतो. २०१६ पासून आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृह, खानावळ आणि इतर किरकोळ रकमा भराव्या लागतात. त्यासाठी केंद्राची टॉप क्लास शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये असून राहण्याचा, पुस्तकांचा आणि संगणकाचा खर्चही त्यात धरलेला असतो. तेव्हा 'आयआयटी आपल्यासारख्यांना परवडणार नाही' हे वाक्य घरात उच्चारू नका. रकमा आणि अटी बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी.

मुलींविषयी दोन शब्द. २०१८ पासून आयआयटीत मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या गेल्या आणि २०२० पासून त्यांचे प्रमाण किमान २० टक्के ठेवण्याचे धोरण आहे. या जागा मुलांच्या जागा कमी करून दिलेल्या नाहीत, वाढवून दिलेल्या आहेत. तरीही खरगपूर, गुवाहाटी म्हटले की घरातली मंडळी म्हणतात, पोरीला एवढ्या लांब कशाला? मुलाच्या वेळी हा प्रश्न निघत नाही. ज्या माईंनी शेण्या थापून संसार ओढला आणि बाबासाहेबांना शिकू दिले, त्या माता रमाईचे नाव घेणाऱ्या आपल्या घरांत मुलीची जागा अंतरामुळे जाऊ नये.

आता थोडेसे मनाविषयी. आयआयटीत जागा मिळाल्यावर सगळे सुरळीत होते असे नाही. तिथे काही ठिकाणी 'तुझा रँक किती' असे विचारून जात काढून घेण्याची चाल आहे. मुंबई आयआयटीने २०२३ साली असे रँक विचारू नये म्हणून विद्यार्थ्यांसाठी सूचनाच काढल्या. तिथे अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी कक्षही आहे. आपल्या मुलाने पहिल्याच आठवड्यात त्या कक्षाची ओळख करून घ्यावी, अडचण येईपर्यंत थांबू नये. इंग्रजीतली व्याख्याने पहिल्या सत्रात जड जातात आणि एखाद्या विषयात नापासही होते. त्याने जग बुडत नाही. पालकांनी फोनवर 'मार्क किती' एवढेच न विचारता 'जेवलास का, झोप होते का' हेही विचारावे. आणि मुलांनो, राखीव जागा ही कोणाची मेहेरबानी नाही. तुम्ही तीच परीक्षा देऊन गेला आहात. मान खाली घालण्याचे कारण नाही.

भगवंतांनी सोण भिक्खूला वीणेचे उदाहरण दिले, ते आपण या विहारात अनेकदा ऐकले आहे. तारा फार ताणल्या तर वीणा वाजत नाही, फार सैल सोडल्या तरी वाजत नाही. मुलाच्या अभ्यासाचेही तसेच आहे. रात्री दोनपर्यंत जागवून, शेजारच्या मुलाशी तुलना करून, 'समाजाचे नाव राख' असे सतत बजावून तार तुटते. तुटलेली तार पुन्हा बसवता येत नाही. नियमित अभ्यास, पुरेशी झोप, रोज थोडे खेळणे आणि संध्याकाळी दहा मिनिटे आनापान, एवढे पुरे आहे. सम्यक व्यायाम म्हणजे योग्य प्रमाणातले प्रयत्न.

आणि आयआयटी नाही मिळाली तर? त्याच जोसातून एनआयटी मिळू शकते. एनआयटीत निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात, म्हणजे नागपूरची विश्वेश्वरय्या संस्था आपल्या मुलांना जवळची. राज्याच्या सीईटीतून माटुंग्याचे व्हीजेटीआय आहे, पुण्याचे सीओईपी आहे, लोणेरेला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. ज्याला अभियांत्रिकीची आवडच नाही, त्याला केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी आणि कायद्यासाठी क्लॅट आहे. एखाद्या मुलाला चित्रे काढायची असतील, तर त्याला जबरदस्तीने आयआयटीच्या रांगेत उभे करू नका. आयआयटीत एस. सी. आणि एस. टी. मुलांसाठी एक वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रमही असतो. राखीव जागा भरल्या गेल्या नाहीत, तर थोड्या गुणांनी मागे राहिलेल्या मुलांना तो मिळतो, आणि तो नीट पास केला की पुढच्या वर्षी थेट प्रवेश होतो. त्यात नाव आले तर नकार देऊ नका.

१९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, १९५० साली औरंगाबादला मिलिंदची सुरुवात केली. स्वतः अवघड दारातून गेल्यावर त्यांनी इतरांसाठी दारे बांधली. आपल्याला कॉलेज काढता येणार नाही कदाचित. पण वस्तीतल्या प्रत्येक नववीतल्या मुलाचा दाखला तपासणे, फळ्यावर तारखा लिहिणे आणि जूनमध्ये निधी तयार ठेवणे, एवढे तर आपल्याला नक्की करता येईल. येत्या रविवारपासून आम्ही वंदनेनंतर इथेच बसणार आहोत. येताना दहावीचे प्रमाणपत्र, जातीचा दाखला आणि आजोबांचा जो काही कागद सापडेल तो घेऊन या.

 आपणा सर्वांचे मंगल होवो.

नमो बुद्धाय! जयभीम!